सनाइयामागचं मैदान

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. सुट्टीच्या सकाळी मुलं उठायच्या आत चहा घेऊन वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

गेल्या आठवड्यात लेकीने जेवणाच्या टेबलावर एक कागद सरकवला. मुलींच्या क्रिकेट संघासाठी निवड चाचणी, पालकांची सही हवी. ती सोळा वर्षांची, अकरावीत, ऑफस्पिन टाकते. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आई, मी कतारकडून खेळले तर सांगलीच्या आजीला चालेल का?"

नवरा म्हणाला, आधी बारावी होऊ दे. मी काहीच बोलले नाही. मी सीए आहे. सही करण्याआधी मागचे कागद बघायची सवय हाडात भिनलेली. म्हणून त्या रात्री ज्या मैदानावर ती खेळू म्हणतेय त्याचेच कागद काढून बसले. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात हा प्रश्न कधीतरी येणार आहे. क्रिकेटच्या नाहीतर दुसऱ्या कुठल्या निमित्ताने.

दोह्याबाहेर राहणाऱ्यांसाठी आधी थोडा नकाशा. शहराच्या नैर्ऋत्येला इंडस्ट्रियल एरिया आहे. इथे सगळे त्याला 'सनाइया' म्हणतात. गॅरेजेस, गोदामं, वर्कशॉप्स आणि कामगारांचे कॅम्प. त्याला लागून एशियन टाऊन आहे: एक मॉल, थिएटर, मोकळं ॲम्फीथिएटर आणि वेस्ट एंड पार्क इंटरनॅशनल क्रिकेट स्टेडियम. क्षमता सुमारे १३,०००. शेजारी लेबर सिटी. २०१५ मध्ये ती अधिकृतपणे सुरू झाली तेव्हा सुमारे ७०,००० कामगारांच्या राहण्याची सोय तिथे असल्याचं सांगितलं गेलं. म्हणजे कतारचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान कॉर्निशवर नाही, वेस्ट बेच्या काचेच्या इमारतींजवळही नाही. ज्यांनी त्या इमारती बांधल्या त्यांच्या दाराशी आहे. ही सोय म्हणायची की लांब ठेवणं म्हणायचं, हे मला सतरा वर्षांत नीट ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

मी २००८ मध्ये इथे आले तेव्हा हे मैदान नव्हतं. पण क्रिकेट होतंच. शुक्रवारी पहाटे मोकळ्या प्लॉटवर, वाळूत, मधे सिमेंटची पट्टी आणि त्यावर अंथरलेली मॅट. नऊच्या आत मॅच संपवायची, कारण नंतर ऊन उभं राहू देत नाही. आमच्या ऑफिसातले ड्रायव्हर दादा चिपळूणकडचे. ते सांगायचे, "ताई, बाउंड्री म्हणजे गाड्या लावलेल्या असतात ना, तीच. गाडीला बॉल लागला की चार. काच फुटली की मॅच बंद." आपली पोरं टेनिस बॉलने खेळायची, पाकिस्तानी त्याला टेप गुंडाळायचे. गोलंदाज बघून ओळखता यायचं कोण कुठला.

कागदोपत्री मात्र कतार १९९९ पासूनच आयसीसीचा सदस्य होता. संघटना आधी झाली आणि असं मैदान यायला २०१३ उजाडलं.

आणि आता गंमत बघा. त्या मैदानावर पहिले आंतरराष्ट्रीय सामने कोणी खेळले? बायकांनी. जानेवारी २०१४ मध्ये पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका आणि आयर्लंड यांच्या महिला संघांची तिरंगी मालिका इथे झाली, आधी वनडे आणि मग टी-२०. पाकिस्तानची कर्णधार सना मीर. कतारच्या पुरुष संघाने या मैदानावर अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला त्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट. मी हे लेकीला सांगितलं तेव्हा तिने "खरंच?" असं दोनदा विचारलं.

तिला आठवत नाही, पण ती त्यातल्या एका मॅचला होती. साडेचार वर्षांची. जानेवारीतलं दोह्याचं ऊन म्हणजे आपल्याकडचं महाबळेश्वर, म्हणून डबा घेऊन सहल म्हणून गेलो होतो. आम्ही बसलो त्या बाजूला शंभर माणसंही नसतील. लेक पायऱ्यांवर वर-खाली पळत राहिली आणि मी मोबाइलवर ऑफिसच्या मेल बघत बसले. इतिहास घडताना मी इयर-एंडची क्लोजिंग एंट्री तपासत होते. असो.

पाकिस्तानचा संघ इथे यजमान म्हणून का खेळत होता, हे मुलांना सांगायला हवं, कारण त्यांना ते पुस्तकात मिळत नाही. मार्च २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या संघाच्या बसवर हल्ला झाला. त्यानंतर कित्येक वर्षं परदेशी संघ पाकिस्तानात जायला तयार नव्हते. घर असून यजमानपण बाहेर, अशी त्यांची अवस्था. त्यांची मोठी माणसं दुबई-अबुधाबीत खेळायची. महिला संघाच्या वाट्याला दोहा आलं.

आखातातल्या मैदानांना ही परंपरा जुनी आहे. आपल्या पिढीला शारजा वेगळं सांगायला नको. कराचीत शिकलेल्या अब्दुल रहमान बुखातिर यांनी वाळवंटात क्रिकेट आणलं. १९८१ मध्ये गावसकर इलेव्हन विरुद्ध मियांदाद इलेव्हन असा सामना झाला, १९८४ मध्ये पहिला आशिया कप तिथे झाला आणि गावसकरांच्या नेतृत्वाखाली आपण तो जिंकलो. जुन्या खेळाडूंना थैली देण्यासाठी हे सामने भरवले जात. मग एप्रिल १९९८. वाळूचं वादळ, सचिनचे १४३, दोन दिवसांनी त्याच्या वाढदिवशी १३४. मी तेव्हा कॉलेजात, सांगलीत, शेजारच्यांच्या घरी दाटीवाटीने बसून बघत होते. स्टँडमध्ये नाचणारी माणसं कोण, हा विचार तेव्हा मनात आला नव्हता. आता कळतं. ती बहुतेक आपलीच होती. मस्कत, दुबई, शारजात राबणारी, एका दिवसाची सुट्टी मागून आलेली.

परत दोह्याकडे येते. १ जानेवारी २०१९ पासून आयसीसीने सगळ्या सदस्य देशांच्या पुरुष संघांना टी-२० आंतरराष्ट्रीय दर्जा दिला. महिला संघांना तो आदल्या वर्षीच मिळाला होता. या एका निर्णयाने या मैदानाचं भाग्य बदललं. ऑक्टोबर २०१९ मध्ये जर्सीचा संघ आला. जर्सी म्हणजे इंग्लिश खाडीतलं लाखभर वस्तीचं बेट. फेब्रुवारी २०२० मध्ये युगांडा आला. दादा दोन्ही वेळा गेले होते. युगांडाच्या संघात आपल्यासारखी आडनावं ऐकून त्यांना नवल वाटलं. मी म्हटलं, गुजराती तिथे शंभर वर्षांपूर्वी गेलेत हो दादा, आपण तर काल आलो.

युगांडाचा संघ परतला आणि पुढच्याच महिन्यात कोविडमुळे सनाइयाचा मोठा भाग बंद केला गेला. आत कामगार, बाहेर पोलिसांच्या गाड्या. दादांची खोली त्या भागात होती. ते रोज फोनवर एकच सांगायचे, "मी बरा आहे, घरी सांगू नका." ते दिवस मी फार लिहीत नाही. मैदान तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये टी-२० विश्वचषकाची आशियाई पात्रता फेरी इथे झाली. कतार, बहरीन, कुवेत, सौदी, मालदीव. बहरीन पुढे गेला. पाचही संघांच्या याद्या काढून बघा. नावं वाचताना एखाद्या मोठ्या कंपनीच्या हजेरीपटासारखं वाटतं: केरळ, पंजाब, लाहोर, सियालकोट, कोलंबो, चितगाव.

मग २०२२. फुटबॉलचा वर्ल्ड कप. जगभरात कामगारांच्या मृत्यूंवरून, पगारांवरून, उष्म्यावरून लिहून आलं आणि त्यातलं बरंचसं लिहायलाच हवं होतं. पण त्या महिनाभरात या क्रिकेटच्या मैदानाचं काय झालं ते फार कमी जणांनी पाहिलं. इथे कामगारांसाठी फॅन झोन केला होता. मोठा पडदा, गाणी, स्टेजवर निवेदक हिंदीतून बोलतोय आणि गवतावर हजारो माणसं मांडी घालून बसलेली. २० नोव्हेंबरला उद्घाटनाच्या सामन्यात कतार इक्वेडोरकडून ०-२ हरला. दादा त्या रात्री तिथे होते. म्हणाले, "स्टेडियम आम्ही बांधलं ताई, मॅच पडद्यावर बघितली. पण गवत खरं होतं." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मलाच तो ऐकू आला.

२०२३ हे वर्ष गजबजलेलं. मार्चमध्ये निवृत्त खेळाडूंची लेजंड्स लीग इथे झाली. गंभीर, आफ्रिदी, फिंच असे कर्णधार. आफ्रिदीचा एशिया लायन्स संघ जिंकला. मला अशा लीगचं कौतुक नाही, ते नाटकाच्या पुनरुज्जीवित प्रयोगासारखं असतं. पण स्टँड भरले. सप्टेंबरात आखाती देशांची टी-२० स्पर्धा झाली आणि ओमान जिंकलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा विश्वचषकाच्या पात्रतेची एक पायरी दोह्यात झाली आणि या वेळी यूएईच्या बरोबरीने कतार पुढच्या फेरीत गेला. तीनेक वर्षांत प्रगती म्हणावी अशी.

आणि गेला नोव्हेंबर. आशिया कप रायझिंग स्टार्स. १४ तारखेला शुक्रवार होता, भारत 'अ' विरुद्ध यूएई. पार्किंगला जागा नाही, आम्ही मॉलच्या मागे गाडी लावून चालत गेलो. चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने ४२ चेंडूंत १४४ काढल्या. १५ षटकार. शतक ३२ चेंडूंत. कर्णधार जितेश शर्मा आपल्या अमरावतीचा, त्यानेही ३२ चेंडूंत नाबाद ८३ केल्या. एकूण ४ बाद २९७. माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी लहान मुलगा तिच्याच सरावाच्या शहरात हे करतो, ते बघून ती गप्प झाली. आनंदाने की हेव्याने, विचारलं नाही.

हिशोबाच्या माणसाने एक तळटीप द्यायला हवी: 'अ' संघाचा सामना अधिकृत आंतरराष्ट्रीय धरत नाहीत. म्हणजे या मैदानावर लोकांनी पाहिलेली सर्वात मोठी खेळी आंतरराष्ट्रीय विक्रमांच्या वहीत नाही आणि जर्सीविरुद्धची एखादी १२ धावांची खेळी मात्र आहे.

२१ तारखेच्या उपांत्य फेरीत आपण बांगलादेश 'अ'शी बरोबरी केली आणि सुपर ओव्हरमध्ये शून्यावर आटोपलो. शेवटी एका वाइडवर ते जिंकले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीचा वॉचमन, सिल्हेटचा, लिफ्टपाशी उभा. हसू दाबत होता, पण जमत नव्हतं. लेकीने त्याला "मुबारक हो भाई" म्हटलं तेव्हा कुठे तो मोकळा हसला. अंतिम सामना मग बांगलादेशही सुपर ओव्हरमध्येच हरला, पाकिस्तान शाहीन्सकडून.

आता नेदरलँड्समधल्या मैत्रिणींसाठी. माझी सीएची बॅचमेट ॲमस्टेलव्हेनला राहते. तिच्या घराजवळ व्हीआरए क्लबचं मैदान आहे. ती सांगते, आजूबाजूला जंगल आहे, पण ते जंगल लावलेलं आहे. खरंच आहे ते. १९३४ पासून, मंदीच्या काळात, बेरोजगारांना काम म्हणून ॲमस्टरडॅमने ते जंगल खोदून घेतलं, झाडं लावली. म्हणजे तिथलंही मैदान मजुरांच्या घामाच्या शेजारीच आहे, फक्त नव्वद वर्षांत झाडं वाढली.

तिथे १९९९ च्या विश्वचषकातला दक्षिण आफ्रिका-केनिया सामना झाला. २००४ मध्ये भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया आले, आपण पाकिस्तानकडून हरलो आणि बाकी बरंचसं पावसाने धुतलं. २००६ मध्ये श्रीलंकेने तिथे ९ बाद ४४३ केल्या, तेव्हाचा वनडेतला उच्चांक. १७ जून २०२२ ला इंग्लंडने ४ बाद ४९८ करून वनडेतला नवा उच्चांक मांडला आणि चेंडू त्या झाडीत शोधावे लागले. डच क्रिकेटच्या नशिबी असे विक्रम स्वतःविरुद्धच मांडून घेणं आलं. पण त्यांच्या संघाकडे बघा. विक्रमजित सिंग, आर्यन दत्त, विजयवाड्यात जन्मलेला तेजा निदामनुरू. हे विश्वचषकात डच जर्सीत खेळले. माझ्या मैत्रिणीचा मुलगा तिथल्या कनिष्ठ संघात आहे. तिथे शिकला, तिथला पासपोर्ट घेता आला. त्याला उद्या कोणी विचारणार नाही, तू इथे किती दिवस आहेस म्हणून.

फरक इथे आहे आणि तो नियमात नाही, कारण क्रिकेटचा नियम सगळीकडे एकच आहे. जन्म त्या देशातला, किंवा नागरिकत्व तिथलं, किंवा मागची सलग ३ वर्षं तुमचं कायमचं घर तिथे. माझी लेक जन्मलीच दोह्यात. क्रिकेटच्या दृष्टीने ती कतारची. राहण्याच्या दृष्टीने तिचं इथलं असणं माझ्या नोकरीच्या कागदाला टाचणीने लावलेलं आहे. नोकरी गेली की परवाना गेला. सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिली तरी परवाना जातो. बारावीनंतर ती पुण्याला जायचं म्हणते. म्हणजे ज्या देशाची टोपी ती घालू शकते, त्याच देशात यायला तिला व्हिजिट व्हिसा काढावा लागेल. दादांची गोष्ट आणखी साधी. सतरा वर्षं मॅटवर टेनिस बॉल खेळलेला माणूस तीन वर्षांच्या नियमात पाच वेळा बसला असता. त्यांना कोणी चाचणीला बोलावलंच नाही. पुढच्या वर्षी ते चिपळूणला कायमचे जातायत.

हे वाचून लगेच चिडू नका. आपल्या मुंबईतच भारतातली पहिली कसोटी १५ डिसेंबर १९३३ ला सुरू झाली ती बॉम्बे जिमखान्यावर. लाला अमरनाथांनी तिथे शतक ठोकलं, तंबू उभारून लोकांनी ते पाहिलं, आणि त्या क्लबचं सदस्यत्व तेव्हा भारतीयांना नव्हतं. सदस्य नसलेल्यांनी मैदान गाजवण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. तिथे निदान देश आपला होता, असं नवरा म्हणतो. बरोबर आहे त्याचं.

आता कागदाचं काय झालं ते. चाचणीसाठी राहण्याचा पुरावा मागितला होता. मी ऑडिटची फाइल लावतात तशी फाइल लावली: जन्मदाखला, शाळेचं बोनाफाइड, क्यूआयडीची दोन्ही बाजूंची प्रत, पासपोर्टची पानं क्रमाने. तीन वर्षांचे पुरावे मागितले होते, माझ्याकडे सोळा वर्षांचे निघाले. लसीकरणाचं कार्डसुद्धा. नवऱ्याने फाइल चाळली आणि म्हणाला, एवढ्यावर दुसऱ्या कुठल्याही देशाने पासपोर्ट दिला असता. मग त्यानेच पंच मारून दिले. बारावीचा क्लास शनिवारी संध्याकाळी हलवायचा, सराव शुक्रवारी सकाळी, असं ठरलंय. निवड होईल न होईल. झाली तरी हिच्याकडे जेमतेम दीड वर्ष आहे. मी सही केली.

आईला, म्हणजे तिच्या आजीला, व्हिडिओ कॉल लावला. लेकीने स्वतःच सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "कतारचा ड्रेस कुठल्या रंगाचा असतो गं?"

"मरून, आजी."

"शोभेल तुला. आणि मॅच इकडे टीव्हीवर दिसेल का?"

टीव्हीवर नाही, मोबाइलवर दिसते असं सांगितलं. आता शेजारच्या मुलाकडून मोबाइल टीव्हीला जोडून घ्यायचा तिचा बेत चाललाय. अजून चाचणीसुद्धा झालेली नाही.